पुठ्ठ्याच्या विटा

ऐंशीच्या दशकात आमच्या हॉस्टेलवर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या 'द वॉल'ची एक कॅसेट होती. कॉपीवरून कॉपी केलेली, त्यामुळे गाण्याइतकीच खरखर. शब्द निम्मे कळायचे नाहीत, पण मास्तरांवर चिडलेल्या शाळकरी पोरांचा कोरस कळायला इंग्रजी लागत नव्हतं.

या अल्बमची जन्मकथा विचित्र आहे. ६ जुलै १९७७ ला मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये कार्यक्रम चालू असताना बँडचा गीतकार रॉजर वॉटर्स पुढे धिंगाणा घालणाऱ्या एका चाहत्यावर चक्क थुंकला. मागाहून त्याला स्वतःचीच शरम वाटली. आपल्यात आणि श्रोत्यांत भिंत उभी राहिली आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. मग ती खरोखरच का बांधू नये? ३० नोव्हेंबर १९७९ ला अल्बम आला आणि १९८० मध्ये भिंतही आली.

माझ्यातल्या इंजिनियरला ही भिंत फार आवडते. मार्क फिशरने आखलेली, चाळीस फूट उंच, विटा पुठ्ठ्याच्या. बँड वाजवत असताना कामगार एकेक वीट रचत जायचे. मध्यंतरापर्यंत बँड पूर्ण झाकला जाई आणि शेवटी सगळा डोलारा कोसळे. हा खेळ इतका खर्चिक होता की १९८०-८१ मध्ये फक्त चार ठिकाणी, एकूण ३१ प्रयोग झाले. कीबोर्डवाला रिक राइट तोवर बँडमधून बाहेर पडून पगारी वादक झाला होता. तोट्याचा भार उरलेल्या तिघांवर पडला, कमाई झाली ती याची एकट्याची!

तो पोरांचा कोरस लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांचा. १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वर्णभेदी शिक्षणावर बहिष्कार टाकला, तेव्हा हेच गाणं त्यांच्या तोंडी होतं. सरकारने त्यावर बंदी घातली. एका श्रीमंत गायकाच्या वैतागाचं असं काही होईल हे कुणाच्या मनात आलं असेल?

राइट २००८ मध्ये गेला. २०१० मध्ये वॉटर्सने बँडशिवाय, स्वतःच्या नावावर ही भिंत पुन्हा उभी केली आणि २०१३ पर्यंत २१९ प्रयोग केले. आम्ही तिघे न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये गेलो ती तारीख ६ जुलै २०१२. मॉन्ट्रियलला बरोबर पस्तीस वर्षं झाली होती, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

चौदा वर्षांची लेक म्हणाली, "बाबा, हे गाताहेत की बांधकाम करताहेत?" पण स्टेजवर तिच्याच वयाची मुलं कोरसला आली तशी ती खुर्चीवर उभी राहिली. बायको निव्वळ मला सोबत म्हणून आली होती. नाटकं, नाट्यगीतं हा तिचा प्रांत.

मध्यंतरात मी खायला काहीतरी आणायला गेलो. परत आलो तर ती भिंतीकडे एकटक बघत होती. पूर्ण झालेल्या भिंतीवर युद्धात आणि हिंसाचारात मेलेल्यांचे फोटो उमटत होते: नाव, गाव, जन्म, मृत्यू. सैनिक होते तसे साधे नागरिकही. वॉटर्सने लोकांना आपापल्या गेलेल्या माणसांचे फोटो पाठवायला सांगितलं होतं. त्याचे स्वतःचे वडील फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत आंझिओला मारले गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. १९८० ची भिंत त्याच्या एकट्याची होती, ही इतक्या घरांची झाली होती.

बायकोचे एक मामा १९७१ च्या युद्धात गेले. तेव्हा ती दीड वर्षाची. साताऱ्याजवळच्या तिच्या आजोळी दारावर त्यांचा गणवेशातला फोटो आहे, चंदनाच्या हारातला. लग्नानंतर मी तो कितीदा तरी पाहिला होता, पण त्या घरात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे. आजीला त्रास होतो म्हणून. आजी गेल्यावर सवय म्हणून.

भिंत कोसळली, लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं, आम्ही गर्दीतून वाट काढत सबवे गाठली. गाडीत लेकीने विचारलं, "आई, तू मघाशी रडत का होतीस?"

मग बायकोने मामांचं नाव सांगितलं. ते उत्तम पोहायचे, विहिरीत वरून सूर मारायचे, हे तिने आईकडून लहानपणी एकदाच ऐकलेलं. आमचं स्टेशन येईपर्यंत ती सांगत होती. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो.