रिकाम्या मुलखाची लूट

१९२५ साली फुटबॉलमधील ऑफसाइडचा नियम सैल झाल्यावर इंग्लंडातील क्लबांनी हळूहळू आपला मधला खेळाडू मागे ओढून त्यास प्रतिपक्षाच्या नऊ नंबरवाल्या आघाडीवीरावर पहारेकरी म्हणून तैनात केले, आणि हा बंदोबस्त पुढे इतका अंगवळणी पडला की तो मोडता येईल अशी शंकाही फारशी कोणास शिवेना. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडविरुद्ध हंगेरीचा नांदोर हिदेगकुती पाठीवर नऊचा आकडा घेऊन उतरला खरा. परंतु आघाडीवर उभे राहण्याचा शिरस्ता सोडून तो मागे, मैदानाच्या मध्याकडे सरकला. त्याच्यामागे जावे तर पाठीशी पडलेल्या खिंडारातून हंगेरीचे पुश्काश आणि कोचिश घुसणार, जागीच थांबावे तर हिदेगकुतीस रान मोकळे, अशा कात्रीत इंग्लंडचा पहारेकरी बिचारा हॅरी जॉन्स्टन सापडला. पहिल्याच मिनिटात गोल झाला. हिदेगकुतीने एकंदर तीन केले.

पुश्काशची करामत निराळीच. इंग्लंडचा कर्णधार बिली राइट वेगाने अंगावर येताच त्याने बुटाच्या तळव्याने चेंडू हलकेच मागे ओढला. राइट नुसत्या हिरवळीवर घसरत गेला, आणि चेंडू डाव्या पायाने थेट जाळ्यात! मला तर ही क्षणार्धाची लबाडी उरलेल्या पाचही गोलांहून मोलाची वाटते. इंग्लंडचा सामना ६-३ असा हातचा गेला. सहा महिन्यांनी बुडापेस्टात इंग्लंडने ७-१ असा मार खाल्ला.