घराचें मोल आणि 1865 चा धडा

मुंबईंत जागा महाग, ही तक्रार जुनीच. परंतु महाग कशास म्हणावें, याचा विचार फार थोडे करतात. 1861 सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस अडला आणि विलायतेंतील गिरण्यांनीं मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल दिलें. तो पैसा समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांत शिरला. बॅकबे कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर दहापटीच्या घरांत गेला; जमीन मात्र अजून पाण्याखालींच होती! तिचें भाडें किती येईल, हें कोणी विचारलें नाहीं. उद्यां चढ्या दरानें घेणारा भेटेल, एवढाच हिशेब. 1865 सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला आणि प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्यही बुडाले.

आजच्या फ्लॅटलाही तीच कसोटी लावावी. त्याच इमारतींतील तशाच घराचें वर्षाचें भाडें विचारावें, त्यांतून कर व देखभालीचा खर्च वजा करावा आणि उरेल त्या रकमेनें किंमतीस भागावें. निव्वळ भाडें 3 लक्ष व किंमत दीड कोटी असेल, तर पैसा वसूल होण्यास 50 वर्षें लागतील. जागा मोजतांना 2016 च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें बाहेरच्या भिंतींच्या आंतील कार्पेट क्षेत्रच धरावें; जिना-व्हरांड्याचा वाटा त्यांत मिळवूं नये.

भाड्याच्या आधारावांचून दिलेली किंमत ही भविष्यावरील पैज होय. ती लावणाऱ्यानें जाणून लावावी. मुलांच्या शिक्षणाचा पैसा तींत घालूं नये.