चायकॉव्हस्की, प्यॉटर इल्यिच : मृत्यूविषयीचा वाद

(७ मे १८४०–६ नोव्हेंबर १८९३). विख्यात रशियन संगीतकार. सेंट पीटर्सबर्ग येथे वयाच्या ५३ व्या वर्षी पटकीने (कॉलऱ्याने) मृत्यू. नव्या सहाव्या सिम्फनीचा पहिला प्रयोग स्वतः चालवून त्याला जेमतेम नऊ दिवस झाले होते. हे मरण अपघाती संसर्गाचे की आत्महत्येचे, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. प्रस्तुत नोंद या वादापुरती आहे.

कालगणना : एकोणिसाव्या शतकात रशियातील जुनी कालगणना युरोपीय कालगणनेच्या बारा दिवस मागे होती. त्यामुळे मृत्यूची तारीख रशियन कागदपत्रांत २५ ऑक्टोबर, तर अन्यत्र ६ नोव्हेंबर अशी आढळते. या वादातील निम्मे गोंधळ दोन कालगणना एकाच वाक्यात मिसळल्याने झाले आहेत. येथे सर्वत्र नवी कालगणना दिली आहे.

अखेरचे दिवस : १८९३ च्या जूनमध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. ऑगस्टमध्ये सहावी सिम्फनी पुरी झाली. ती त्याने भाचा व्लादिमिर दाविदोव याला अर्पण केली. ऑक्टोबरमध्ये पियानो-काँचेर्टोच्या एका भागाचे वाद्यवृंदलेखनही संपले. २८ ऑक्टोबरला सिम्फनीचा पहिला प्रयोग झाला. श्रोत्यांनी आदर दाखवला, पण ते काहीसे बुचकळ्यात पडले. शेवटचा भाग संथ आहे आणि तो विझत विझत संपतो. पहिल्या भागात मृतांसाठीच्या ऑर्थोडॉक्स प्रार्थनेची सुरावट येते. यावरून संगीतकाराला स्वतःच्या मरणाची चाहूल लागली होती, असे पुष्कळांनी लिहिले. पण सुरावटीवरून रचनाकाराची प्रकृती ठरवता येत नाही. त्याचे पुढचे बेत ठरलेले होते, हे त्या महिन्यातील पत्रव्यवहारावरून दिसते.

१ नोव्हेंबरच्या संध्याकाळी अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहात ऑस्ट्रॉव्हस्कीचे नाटक पाहून तो आप्तमित्रांसह नेव्हस्की रस्त्यावरील लाइनर उपाहारगृहात जेवला. मॅकरोनी, पांढरी वाइन आणि खनिज पाणी घेतल्याची नोंद आहे. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळीच पोट बिघडल्याची तक्रार सुरू झाली. आपले नेहमीचेच दुखणे समजून त्याने डॉक्टरला बोलावू दिले नाही आणि ‘हुन्यादी यानोश’ हे रेचक पाणी घेतले.

न उकळलेले पाणी : धाकटा भाऊ मॉडेस्ट याने वृत्तपत्रात आणि पुढे चरित्रात लिहिले, की गुरुवारी दुपारच्या जेवणाच्या वेळी चायकॉव्हस्की न उकळलेल्या पाण्याचा पेला प्याला. पुतण्या-भाच्यांपैकी यूरी दाविदोव याच्या, बऱ्याच काळानंतर लिहिलेल्या आठवणीत हेच पाणी आदल्या रात्री उपाहारगृहात मागवलेले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, पण संसर्गाचे कारण दोन्ही ठरू शकत नाहीत. पटकीचे जंतू पोटात गेल्यापासून काही तास ते पाच दिवस इतक्या काळात रोग प्रकट होतो. तक्रार सकाळी सुरू झाली असेल तर दुपारचा पेला निर्दोष ठरतो. उपाहारगृहातील पाण्यापासून सकाळपर्यंतचे अंतर लहान आहे, तरी अशक्य नाही. संसर्ग त्याही आधी, दोन-तीन दिवसांपूर्वी, कोठेतरी नकळत झाला असणे वैद्यकदृष्ट्या सर्वांत संभवनीय. मॉडेस्टचा पेला हा बहुधा शोकात बुडालेल्या भावाने शोधलेला कारणाचा धागा असावा. वादातील पुढचा बहुतेक संशय या एका पेल्यापासून निघाला, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

रोगाचा क्रम : गुरुवारी संध्याकाळी मालाया मोर्स्काया रस्त्यावरील मॉडेस्टच्या घरी डॉ. वासिली बेर्तेन्सन आले. त्यांनी थोरले बंधू, राजवैद्य लेव्ह बेर्तेन्सन, यांना बोलावून घेतले. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, सतत वांत्या, हातापायांना गोळे, अंग निळे व थंडगार पडणे ही पटकीची ठसठशीत लक्षणे रात्रीपर्यंत दिसू लागली. रात्रभर अंग चोळणे चालू होते. कापूर व कस्तुरी यांची औषधे देण्यात आली. शुक्रवारी गोळे थांबले, धोका टळला असे वाटले. शनिवारी रुग्ण खचला. रविवारी मूत्रपिंडांचे काम थांबलेलेच होते. डॉक्टरांना ऊन पाण्याचे स्नान द्यायचे होते. त्याची आई अलेक्सांद्रा १८५४ मध्ये पटकीनेच गेली होती, आणि तीही अशा स्नानाच्या वेळीच, त्यामुळे घरात या उपायाची धास्ती होती. अखेर स्नान दिले, पण शक्ती आणखीच ओसरली. ६ नोव्हेंबरच्या पहाटे तीननंतर मृत्यू झाला.

पटकीत रुग्ण मरतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. रक्त घट्ट होते, दाब उतरतो, मूत्रपिंडे बंद पडतात आणि शरीरातील विषारी द्रव्ये रक्तात साठतात. आज जलसंजीवनी व सलाइन वेळेवर मिळाल्यास शंभरातील नव्याण्णव रुग्ण वाचतात. १८९३ मध्ये उत्तम डॉक्टरही मुख्यतः अंग गरम ठेवण्याच्या मागे असत. वासिली बेर्तेन्सन यांनी तोवर पटकीचा रुग्ण प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता, असे त्यांनीच नमूद केले आहे. त्यांचे रुग्ण बहुधा वरच्या थरातील होते आणि पटकी ही मुख्यतः गरिबांच्या वस्तीतील साथ मानली जाई. राजधानीतील एक प्रतिष्ठित माणूस तिने दगावतो, याचेच लोकांना नवल वाटले, आणि नवलातून कुजबूज वाढली. १८९२ पासून रशियात साथ होती व १८९३ च्या शरदात ती पीटर्सबर्गमध्ये ओसरत असली तरी संपलेली नव्हती. ओडेसात जन्मलेले वाल्देमार हाफकिन त्याच वर्षी आपली पटकीची लस घेऊन कलकत्त्यास आले होते. लस तयार झाली होती, परंतु पीटर्सबर्गच्या घराघरांत ती पोचली नव्हती.

साक्षींतील विसंगती : डॉक्टरांचे निवेदन व मॉडेस्टचे निवेदन वृत्तपत्रांतून लगोलग प्रसिद्ध झाले. दोहोंतील दिवस नीट जुळत नाहीत. शिवाय, संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हने आत्मचरित्रात नोंदवले आहे, की पटकीने गेलेल्या माणसाच्या मृतदेहाजवळ प्रार्थनांच्या वेळी सर्वांना मोकळा प्रवेश होता आणि चेलोवादक व्हर्झबिलोविच मृताच्या डोक्याचे चुंबन घेत होता. संशयवाद्यांचा हा आवडता पुरावा आहे. त्यांना उत्तर असे, की जर्मन वैज्ञानिक कोखने १८८४ पर्यंत पटकीचा जंतू शोधून काढला होता, पटकी पाणी व मलावाटे पसरते, श्वासाने नव्हे, हे त्या काळच्या वैद्यकीय वर्तुळात रुळले होते आणि मृतदेहावर जंतुनाशकाचा वापर झाला होता. रिम्स्की-कोर्साकोव्हने आश्चर्य व्यक्त केले. आरोप केला नाही.

आत्महत्येचा पक्ष : मृत्यूनंतर लवकरच अफवा उठल्या. त्यांतल्या एकीत झारची आज्ञा होती, दुसरीत प्रेमभंग. आत्महत्येचा सर्वांत गाजलेला तर्क अलेक्सांद्रा ओर्लोव्हा या रशियन संशोधिकेने पश्चिमेकडे स्थलांतर केल्यावर १९८० च्या सुमारास मांडला. तिच्या कथनानुसार एका सरदाराने आपल्या पुतण्यावरील चायकॉव्हस्कीच्या आसक्तीविरुद्ध झारला पत्र लिहिले. ते पत्र निकोलाय याकोबी या सरकारी वकिलाकडे आले. चायकॉव्हस्की ज्या विधिविद्यालयातून १८५९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला, तेथील जुन्या सहाध्यायांनी ‘अब्रूचे न्यायालय’ भरवून त्याला विष घेण्यास फर्मावले. ही हकिगत याकोबीच्या विधवेने एका इसमाला सांगितली आणि त्याने ती १९६६ मध्ये ओर्लोव्हाला सांगितली. लेखी पुरावा नाही. आर्सेनिकच्या विषबाधेत जुलाब-वांत्या होतात, त्यामुळे तर्काला वैद्यकीय आधार असल्याचा भास होतो. ब्रिटिश चरित्रकार डेव्हिड ब्राऊन याने तो उचलून धरला आणि तो संगीतकोशापर्यंत पोचला.

विरुद्ध पक्षात संशोधक अलेक्झांडर पोझनान्स्की याचे १९८८ पासूनचे लेखन सर्वांत सविस्तर आहे. त्याने त्या दिवसांचा दिवसवार हिशेब मांडला आणि वरच्या वर्गात समलिंगी संबंधांबद्दल खटला होणे किती दुर्मिळ होते ते दाखवले. कायद्यात शिक्षा होती. अंमल क्वचित होई. चायकॉव्हस्कीची समलैंगिकता निकटवर्तीयांना माहीत होती. सोव्हिएत काळात या विषयावरील पत्रव्यवहार कापून छापला गेला. लपवलेल्या पत्रांच्या जागी कुजबुज बसते, हे या वादात पुन्हा पुन्हा घडले. पटकीच्या बाजूने दोन डॉक्टरांची नोंद, घरातील अनेक साक्षीदार आणि रोगाचा नेमका क्रम आहे. विषाच्या बाजूने तिसऱ्या तोंडून ऐकलेली गोष्ट आहे. कबरीतील अवशेषांची तपासणी झालेली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते पटकीचे निदान स्वीकारावे.

अंत्यविधी : खर्च झार तिसरा अलेक्झांडर याने केला. ९ नोव्हेंबरला काझान कॅथीड्रलमध्ये प्रार्थना व अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या तिख्विन दफनभूमीत दफन. १८ नोव्हेंबर रोजी एडुआर्ड नाप्राव्निक याने सहावी सिम्फनी पुन्हा वाजवली. त्या प्रयोगाला लोकांनी तिच्यात मृत्युगीत ऐकले.