आवाज कोणी ठरवला? म्युझिक प्लेयरमधल्या एका डिफॉल्टचा इतिहास

नवा म्युझिक प्लेयर टाकला की आपण गाणं लावतो आणि ऐकायला लागतो. सेटिंग्जच्या पानावर जाणारे फार थोडे. त्यामुळे तिथे जे आधीच चालू किंवा बंद असतं, तेच बहुतेकांसाठी कायमचं ठरतं. हा परिणाम किती मोठा असू शकतो याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे जॉन्सन आणि गोल्डस्टीन यांचा अवयवदानावरचा 2003 सालचा 'सायन्स'मधला पेपर. जर्मनीत दात्याला स्वतःहून 'हो' म्हणावं लागायचं, तिथे संमती 12 टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात 'नाही' म्हणायचं असेल तरच कळवायचं, तिथे 99 टक्क्यांच्या वर. भाषा एकच, फॉर्मचा कल मात्र उलटा.

पण आज मला त्याच्या पुढचं सांगायचंय. डिफॉल्ट ऐकणाऱ्याला बांधून ठेवतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो गाणं बनवणाऱ्याचंही वागणं बदलू शकतो का? म्युझिक प्लेयरमधल्या 'सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवा' या एका साध्या चौकोनाचा इतिहास त्यासाठी बघण्यासारखा आहे.

सुरुवात सीडीपासून करू. 1982 मध्ये सीडी बाजारात आली. डिजिटल ध्वनीत सर्वात मोठ्या आकड्याला एक छत असतं, त्याच्या वर जाता येत नाही. पण छत आहे म्हणून सगळं गाणं छताला चिकटलेलंच हवं असं नाही ना. हळू भाग खाली, ठेका आणि टाळी वर, अशी उंचसखल जागा सीडीत भरपूर होती. नव्वदच्या दशकात ती जागा भरायला सुरुवात झाली. कारण कानाच्या स्वभावात आहे. एकच रेकॉर्डिंग दोनदा ऐकवलं आणि दुसऱ्या वेळी किंचित मोठं केलं, तर बहुतेकांना दुसरं 'चांगलं' वाटतं, 'मोठं' नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की आवाज वाढला की खर्जातले सूर कानाला तुलनेने जास्त भरदार लागतात. मग रेडिओवर आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा लहान वाटू नये म्हणून प्रत्येक जण कॉम्प्रेसर आणि लिमिटर लावून गाणं वर दाबायला लागला. शिखरं छाटायची, उरलेलं सगळं उचलायचं. याला 'लाउडनेस वॉर' म्हणतात. यातला प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणाच वागत होता. एकट्याने माघार घेतली तर त्याचंच गाणं मऊ वाटणार.

सीडीच्या काळात ऐकणाऱ्याला हे फारसं जाणवत नसे. अल्बम लावला, आवाजाचं बटण एकदा फिरवलं, संपलं. पण एमपीथ्री आली, 1997 मध्ये विनॅम्प आला आणि एकाच यादीत 1965 चं गाणं आणि 1999 चं गाणं शेजारी बसलं. एक ऐकू येईना, दुसरं कानठळ्या बसवी.

यावर 2001 मध्ये डेव्हिड रॉबिन्सनने रीप्लेगेन नावाचा उपाय मांडला. तेव्हा तो इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात पीएचडीच करत होता, हे मुद्दाम सांगतोय! कल्पना सुंदर आहे. फाईलला हात लावायचा नाही. गाणं किती मोठं वाटतं ते एकदा मोजायचं आणि 'वाजवताना इतके डेसिबल कमी किंवा जास्त कर' एवढा एक आकडा टॅगमध्ये लिहायचा. मोजायचं कसं? आधी कानाच्या संवेदनशीलतेनुसार ध्वनी गाळून घ्यायचा, 50 मिलिसेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येकाची आरएमएस ऊर्जा काढायची, तुकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि 95 टक्क्यांवरचा आकडा उचलायचा. सरासरी का नाही? कारण माणूस गाण्याचा मोठेपणा त्यातल्या मोठ्या भागांवरून ठरवतो, मधल्या शांततेवरून नाही. आकडेशास्त्र शिकताना 'पर्सेंटाइल कधी वापरायचा' हा प्रश्न पडतो, त्याला याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता खरा डिफॉल्टचा प्रश्न. सगळी गाणी एका पातळीवर आणायची, पण कोणत्या? रॉबिन्सनने सिनेमागृहातलं मानक घेतलं. तिथे ठरावीक पातळीचा पिंक नॉइज वाजवला की खुर्चीवर 83 डेसिबल मिळावेत असं यंत्र लावतात. म्हणून 83. ही निवड तर्काला धरून होती. पातळी खाली ठेवली की शिखरांना वर मोकळी जागा मिळते, आवाज फाटत नाही. पण लोकांना ती फार हळू वाटली. लाउडनेस वॉरमध्ये तयार झालेली गाणी बऱ्याच डेसिबलनी खाली यायची आणि लहान प्लेयरचं बटण शेवटपर्यंत फिरवूनही समाधान होईना. मग व्यवहारात 6 डेसिबल वाढवून 89 रूढ झालं. एमपीथ्रीगेन या प्रोग्रॅममध्ये उघडल्याबरोबर दिसणारा आकडा 89 च आहे. 6 डेसिबल म्हणजे लहरीची उंची जवळजवळ दुप्पट. सिनेमागृहाच्या तर्काने आलेला आकडा खिशातल्या यंत्राने बदलून घेतला.

दुसरा पेच याहून अवघड होता: प्रत्येक गाणं वेगळं मोजायचं की अख्खा अल्बम एकत्र? रॉबिन्सनने दोन्ही आकडे ठेवले, एकाला 'रेडिओ' म्हटलं, दुसऱ्याला 'ऑडिओफाइल'. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. ख्यालाच्या सीडीवर विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत दुसऱ्या ट्रॅकवर असतं. विलंबिताची सुरुवात अगदी हलकी, द्रुतात तबला आणि ताना दणदणीत. प्लेयरने ट्रॅकनिहाय समानता लावली, तर विलंबित उचललं जातं, द्रुत दाबलं जातं, आणि गायकाने तासभर खपून चढवलेला आलेख सपाट होतो. अल्बमनिहाय लावली तर आलेख राहतो, पण मिश्र यादीत तेच द्रुत शेजारच्या गाण्याला झाकून टाकतं. म्हणजे इथे बरोबर-चूक नाही. आधी 'ऐकणं म्हणजे काय' हे ठरवावं लागतं, आणि प्रोग्रॅमरने ते ठरवलं की लाखो लोकांसाठी ठरतं.

ॲपलने 2002 मध्ये आयट्यून्स 3 मध्ये 'साउंड चेक' नावाने हीच सोय दिली. पण डिफॉल्ट बंद. 'फाईल आहे तशीच वाजवावी' हे ऐकायला तटस्थ वाटतं. माझ्या मते ते तटस्थ नव्हतं. सोय बंद असेपर्यंत दाबून मोठं केलेलं गाणं मोठंच ऐकू येणार, म्हणजे बंद ठेवणं हा ज्याने जास्त दाबलं त्याच्या बाजूचा कौल होता. आणि झालंही तसंच. 2008 मध्ये मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला, तेव्हा चाहत्यांच्या लक्षात आलं की 'गिटार हीरो' या खेळातली तीच गाणी सीडीपेक्षा स्वच्छ वाजतायत, कारण खेळासाठी दिलेली आवृत्ती तेवढी दाबलेली नव्हती. म्हणजे सोय निघून सहा वर्षं झाली होती आणि स्टुडिओत काही फरक पडलेला नव्हता.

दरम्यान प्रसारणवाल्यांनी मोजमापाचा प्रश्न सोडवला. आयटीयूने 2006 मध्ये बीएस.1770 हे मानक काढलं, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने 2010 मध्ये आर 128 काढून टीव्ही-रेडिओसाठी उणे 23 एलयूएफएस ही पातळी सुचवली. एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक. 2013 मध्ये आयट्यून्स रेडिओ सुरू झाला तो साउंड चेक चालू ठेवूनच, आणि ऐकणाऱ्याला ते बंद करता येत नव्हतं. मास्टरिंग इंजिनिअर बॉब कॅट्झने तेव्हा युद्ध जिंकल्याचंच जाहीर केलं. ती घाई होती असं मला वाटतं, पण त्याचा तर्क पक्का होता. स्पॉटिफायमध्ये ही समानता डिफॉल्ट चालूच असते. 2017 मध्ये त्यांनी पातळी खाली आणून उणे 14 केली. आता हिशोब करा. एक गाणं दाबून उणे 8 वर नेलंय, दुसरं उणे 14 वर मोकळं ठेवलंय. पहिलं 6 डेसिबल खाली ओढलं जाईल. दोन्ही सारखीच मोठी ऐकू येतील, पण पहिल्याची शिखरं आधीच छाटलेली, म्हणून ते त्याच मोठेपणाला चपटं लागेल. जे शस्त्र होतं तेच ओझं झालं.

इथे संशोधनाच्या विद्यार्थ्याने थांबायला हवं. 'डिफॉल्ट चालू झाला, म्हणून संगीत मोकळं झालं' असं लिहायचा मोह होतो. पण त्याच वर्षांत सीडी संपत होती, स्ट्रीमिंग वाढत होतं, लोक हेडफोनवर ऐकायला लागले होते. शिवाय आजही कित्येक गाणी उणे 8 च्या आसपास तयार होतात, कारण काहींना तो दाबलेला आवाजच आवडतो. एवढंच ठामपणे म्हणता येतं की दाबण्यातला फायदा गेला. फायदा जाणं वेगळं आणि सवय जाणं वेगळं.

आपल्या लॅबमध्येही असे चौकोन आहेत. 2, 4, 4, 4, 6 या पाच नोंदींचं प्रमाण विचलन नमपायला विचारा, 1.26 येईल. पांडाजला विचारा, 1.41. पहिला डिफॉल्टमध्ये n ने भागतो, दुसरा n−1 ने. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

अशा निर्णयांचा इतिहास शोधायचा तर मुलाखती आणि पुस्तकांत फार मिळत नाही. तो रिलीज नोट्समध्ये, सोर्स कोडमधल्या एखाद्या स्थिरांकात, जुन्या मॅन्युअलमध्ये सापडतो. रीप्लेगेनच्या टॅगमध्ये 'उणे 6.5 डेसिबल' एवढंच लिहिलं असेल, तर ते 83 च्या हिशोबाने की 89 च्या, हे त्या आकड्यावरून कळत नाही. फ्लॅक फाईलवर मेटाफ्लॅक चालवलं तर मात्र गेनच्या आकड्यासोबत एक वेगळी ओळ लिहिली जाते, तिच्यात संदर्भ पातळी असते: 89.0 डेसिबल.