गिरणीची चिमणी, खोपोलीची वीज आणि आपल्या गच्चीवरचं सोलर

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला. एका काकांनी विचारलं, "सोलर बसवलं की वीज कंपनीचं कनेक्शन तोडून टाकायचं ना?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न ओळखीचा वाटला. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीमालकांपुढे हाच प्रश्न उलटा उभा होता: बाहेरून वीज घ्यायची, तर गिरणीतलं इंजिन मोडीत काढायचं का? आजचा भाग त्या प्रश्नाबद्दल आहे.

लालबाग-परळमध्ये अजून एखादी उंच चिमणी दिसते. कापडाच्या गिरणीला चिमणी कशाला हवी? कारण प्रत्येक गिरणी म्हणजे स्वतःचं एक छोटं पॉवर हाउसच होती, फक्त विजेचं नाही तर वाफेचं. बॉयलरमध्ये कोळसा जळायचा, वाफेवर इंजिन फिरायचं आणि ती गती छताखालच्या लोखंडी दांड्यांवरून, दोरांवरून, चामडी पट्ट्यांवरून साच्यांपर्यंत जायची. वाटेत बरीच शक्ती घर्षणातच संपायची. इंजिन बंद पडलं की सगळं खातं बंद.

आणि कोळसा? मुंबईच्या आसपास तो नाहीच. बंगाल-बिहारकडचा कोळसा दीड हजार किलोमीटरहून लांब. शिवाय काही परदेशातून जहाजाने यायचा. म्हणजे इंजिन मालकाच्या आवारात, पण त्याची नाडी दुसऱ्याच्या हातात. 'स्वतःची शक्ती' म्हणतो तेव्हा इंधन कुणाचं, हे विचारायला हवं ते यासाठी.

इथे जमशेटजी टाटा येतात. ते स्वतः गिरणीवाले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. सह्याद्रीवर चार महिने कोसळणारा पाऊस तलावात साठवायचा आणि वर्षभर वीज करायची, ही कल्पना त्यांनी उचलून धरली. ते १९०४ मध्ये गेले; काम पुढे दोराबजींनी नेलं. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याजवळ धरणं उभी राहिली आणि ८ फेब्रुवारी १९१५ ला खोपोलीचं वीजघर सुरू झालं. एरवी पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात जाणारं पाणी आता पाइपांतून पश्चिमेला, ५०० मीटरहून जास्त खाली कोकणात पडू लागलं. तिथून तारांवरून वीज मुंबईला.

आता कंपनीच्या जागी बसून बघा. धरण, पाइप, तारा, सगळा खर्च आधी करायचा. नंतर पाणी फुकट, पण गिऱ्हाईक नसेल तर सगळं वाया. गिऱ्हाईकं वेगवेगळ्या वेळची असतील तर आणखी चांगलं: गिरण्या दिवसा, दिवे संध्याकाळी, ट्राम सकाळ-संध्याकाळ. तीच यंत्रं जास्त तास चालतात आणि युनिट स्वस्त पडतं. एकेकट्या गिरणीला हा फायदा कधीच मिळाला नसता.

गिरणीमालकाच्या जागी बसलं की हिशेब वेगळा. इंजिनाचे पैसे आधीच दिलेत, ते फेकायचं कशाला? तार तुटली तर? आणि सुताला खळ लावायला, कापड रंगवायला वाफ लागतेच. म्हणून विजेच्या मोटरी आल्या तरी बॉयलर एकदम गेले नाहीत. उष्णता आणि शक्ती दोन्ही एकाच जागी लागत असतील तर एकाच इंधनातून दोन्ही काढणं फायद्याचं असतं. आपले साखर कारखाने उसाच्या चिपाडावर आज तेच करतात: वाफ रसासाठी, वीज कारखान्यासाठी, उरलेली ग्रिडला.

पण पहिल्या महायुद्धात कोळसा मिळणं अवघड झालं आणि खोपोलीच्या विजेचं पारडं जड होत गेलं. मागणी वाढली तसं १९२२ मध्ये भिवपुरी आलं, १९२७ मध्ये भिरा.

भिऱ्याचं नाव आलं की मी जरा थांबतो. तिथलं पाणी मुळशीचं. तुम्ही कोलाडला राफ्टिंग केलं असेल, तर कुंडलिकेतलं ते पाणी बहुतेक भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलंच होतं. त्या तलावाखाली मावळातल्या शेतकऱ्यांची गावं आणि भातखाचरं गेली. १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले आणि तिथूनच 'सेनापती' झाले. १९२४ पर्यंत लढा चालला, पण धरण झालंच. कंपनीच्या हिशेबात मोबदल्याचा रकाना होता. 'आम्हाला जमीन द्यायचीच नाही' याला रकाना नव्हता. मुंबईच्या हवेतला धूर कमी झाला हे खरं आहे आणि त्याची किंमत मुळशीने दिली हेही खरं आहे.

बरं, मोठी वीज कंपनी आल्यावर सगळ्यांनी स्वतःची वीज सोडली का? नाही! मुंबईत विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली आणि १९२९ मध्ये रेल्वेने ठाकुर्लीजवळ स्वतःचं वीजघर चालू केलं. डोंबिवलीकरांना 'चोळा पॉवर हाउस' माहीत असेल. मागणी प्रचंड आणि रोजची, जवळ उल्हास नदीचं पाणी, आणि कोळसा वाहणं हा तर रेल्वेचाच धंदा. तिचा हिशेब जमत होता. १९८०च्या दशकात तो जमेनासा झाला आणि वीजघर बंद पडलं.

म्हणजे उत्तर काळाप्रमाणे, जागेप्रमाणे बदलतं. २००३ च्या वीज कायद्याने स्वतःपुरती वीज बनवण्यासाठी लायसन्सची गरजच काढून टाकली. आज गच्चीवर १ किलोवॉट सोलर लावलं तर आपल्याकडे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. ३ किलोवॉट किंवा जास्त बसवणाऱ्या घराला २०२४ च्या केंद्रीय योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, ऑनलाइन क्लास बंद. त्या दिवशी साधं, बॅटरी नसलेलं सोलर असलेल्या घरांतही अंधारच! कारण ग्रिड गेलं की असं सोलर आपोआप बंद होतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल. रात्री तर ग्रिड लागणारच. गिरणीमालक बॉयलर राखून ठेवायचा, तसं आपण आता ग्रिड राखून ठेवतो.

आणि राखून ठेवलेल्या गोष्टीचा खर्च कुणीतरी भरतो. तारा, ट्रान्सफॉर्मर, माणसं तेवढीच लागतात. मोठं बिल भरणारे गच्चीवाले कमी युनिट घेऊ लागले की तो खर्च उरलेल्यांवर येतो: भाडेकरू, चाळीतले, ज्यांना गच्चीच नाही. दुसरी बाजूही आहे. जिथे दुपारी ट्रान्सफॉर्मर तापतो, तिथे गच्चीवरची वीज कंपनीचाही भार आणि तारांमधली गळती कमी करते. जिथे ताण संध्याकाळी, तिथे बॅटरीशिवाय तितका उपयोग नाही. म्हणून 'सोलर चांगलं की वाईट' यापेक्षा 'कुठे, किती वाजता आणि कुणाच्या खर्चाने' हे विचारावं.

सोसायटीत मी तेवढंच म्हटलं: सोलर बसवूया, कनेक्शन ठेवूया आणि स्थिर आकार दिसला की लगेच 'लूट' म्हणूया नको. तो किती असावा यावर जरूर भांडूया, पण वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना आणि मागच्या चाळीला हिशेबात धरून. ठराव पुढच्या मीटिंगवर गेला, अर्थातच!

तुमच्या घरातलं कुणी गिरणीत बॉयलरवर किंवा ठाकुर्लीच्या वीजघरात कामाला होतं का? असेल तर त्यांना बोलतं करा, फोनवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. भेटू पुढच्या भागात.