रित्या घरातील समाधान

फेब्रुवारी महिन्यात नाशिकरोडच्या बाळ येशूच्या तीर्थस्थानी आपली कितीतरी कुटुंबे जातात. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला घर. मागण्यात गैर काहीच नाही. परंतु १९३६ सालच्या फेब्रुवारीत ह्याच नाशकात ज्यांनी जगाचा निरोप घेतला, त्या लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र आठवले की, आपल्या मागण्यांची यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी, असे आम्हांला वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांचे पती नारायण वामन टिळक लहानपणीच घर सोडून नाशकात आले व येथेच संस्कृत शिकले. ते कवी होते, वक्ते होते आणि हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन मोकळे होणारे होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे १९०० साली त्यांनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला.

टिळक दांपत्य आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हे. ते अमेरिकन मराठी मिशनचे. तरीही त्यांचा वारसा आपण परका मानीत नाही. १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याग करणाऱ्याचे नाव होते. पण ज्या बाईला रोज चूल पेटवायची असते, तिचे काय? हा प्रश्न आम्ही टाळू इच्छित नाही. पतीचे वैराग्य पत्नीवर लादले गेले, तर त्यातून समाधान नव्हे, कुढणेच जन्मते. लक्ष्मीबाई कुढत बसल्या नाहीत, तशाच मुकाट्याने सोशीतही राहिल्या नाहीत. त्या भांडल्या, रुसल्या, हसल्या. परक्यांच्या लेकरांना त्यांनी पोटाशी धरले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईने टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे नेले.

१९३४ साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग निघाला. घरातल्या ओढाताणीचे प्रसंग त्यात पानोपानी आहेत, पण कडवटपणाचा लवलेश नाही. पूर्वी ज्यावर डोळ्यांतून पाणी आले असेल, त्यावर त्या स्वतःच हसतात आणि आपल्यालाही हसवतात. हे हसू कोणत्या धनाने विकत मिळाले असते?

गिरिप्रवचनात प्रभूने दीनांना धन्य म्हटले, ते दारिद्र्याचे कौतुक नव्हे. रित्या घरात मूल उपाशी निजू नये, ही आपली जबाबदारीच आहे. मात्र घर भरल्यावरही मन रिते राहत असेल, तर उणीव कपाटात शोधून सापडणार नाही. पुढच्या फेब्रुवारीत बाळ येशूपुढे मेणबत्ती लावताना नोकरी अवश्य मागावी, घरही मागावे. आणि त्यांच्या जोडीला लक्ष्मीबाईंचे ते निर्मळ हसूही मागून घ्यावे.