कॅन्सर झाला तर मेडिक्लेम पुरतो का? आणि सरकारी उपचारात नेमकं काय मिळतं?

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. बरं होईल ना? आणि पैशाचं काय? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं नातेवाइकांकडे तयारच असतात. 'मेडिक्लेम आहे ना, मग चांगलं प्रायव्हेट हॉस्पिटल बघा,' असं एक काका सांगतात. 'कॅन्सरला टाटाच,' असं दुसरे. दोघांचंही अर्धं बरोबर असतं.

मेडिक्लेम असलेल्या रुग्णाला सगळ्यात मोठा फायदा होतो तो वेळेचा. डॉक्टर निवडता येतो, ऑपरेशनची तारीख लवकर मिळते, घराजवळ केमो घेता येते. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी.

अडचण बहुतेकांना बिल हातात आल्यावर कळते.

खोलीचं भाडं आणि कापलेला क्लेम

समजा, पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि रुग्णाने १०,००० ची खोली घेतली. वरचे पाच हजार आपण भरू, असं घरच्यांना वाटतं. पण अशा पॉलिसीत 'प्रमाणशीर कपात' लागू असेल, तर सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च हेसुद्धा त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यावर येतात. या खर्चाचे दोन लाख झाले असतील तर एक लाख खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. बिलात ती लावली असेल तर जरूर विचारावं.

दुसरी गोष्ट, कॅन्सर एका ऑपरेशनवर संपत नाही. ऑपरेशन, मग केमोच्या सायकल, मग रेडिएशन, मध्ये मध्ये स्कॅन. पाच लाखांचा विमा अर्ध्या वाटेवरच संपू शकतो. इम्युनोथेरपी आणि गोळ्यांच्या स्वरूपातली केमो कंपन्यांना सरसकट वगळता येत नाही, पण त्यावर वेगळी मर्यादा घालता येते. ती पॉलिसीच्या आतल्या पानांवर असते.

नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. नाकारलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.

सरकारी बाजू

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. तिचं कवच पूर्वी दीड लाखाचं होतं, ते आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख आहे आणि फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरतं राहिलेलं नाही. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळतं, खाजगी मेडिक्लेम असला तरीही. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन, तिन्हींची पॅकेजेस यात आहेत.

पण पॅकेज म्हणजे ठरलेली रक्कम आणि ठरलेला उपचार. डॉक्टरांनी यादीबाहेरचं महागडं औषध लिहिलं की खर्च घरच्यांवर येतो. शिवाय मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते, तीही योजनेतल्याच रुग्णालयात. आधी पैसे भरून नंतर परत मागण्याची सोय नाही. म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठायचं.

परळचं टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे जनरल आणि प्रायव्हेट असे दोन वर्ग आहेत. फरक मुख्यतः दरांचा आणि सोयींचा. अनुभव दाटलेला आहे, गर्दीही तितकीच. देशभरातून लोक येतात आणि काहींना आसपासच्या फुटपाथवर दिवस काढावे लागतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक कुटुंबांचा आधार आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट. मुंबईत राहण्याचा आणि बुडलेल्या रोजगाराचा खर्च मात्र कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही.

मध्येच बदलायची वेळ आली तर

प्रायव्हेटमध्ये सुरुवात करून विमा संपल्यावर सरकारीकडे वळणारे रुग्ण पुष्कळ. तिथे सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो कागदांमुळे. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, स्कॅनची सीडी, किती केमो झाल्या आणि कोणत्या औषधाचा किती डोस दिला याचा तपशील, डिस्चार्ज कार्ड हे सगळं आधीच्या हॉस्पिटलमधून मागून घ्यावं. ब्लॉक नसेल तर बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते.

आणखी एक वाट बऱ्याचदा राहूनच जाते. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. मोठी नावाजलेली खाजगी रुग्णालयंही यात येतात. काउंटरवर कुणी आपणहून सांगेलच असं नाही. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जावं लागतं.

फुले योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८, आयुष्मान भारतचा १४५५५.